एक तारखेची चिठ्ठी

न्यायालयाच्या इमारतीत देशाच्या घटनेच्या अकरा प्रती होत्या. आठ कोर्टांत एकेक आणि तळमजल्यावरच्या ग्रंथालयात तीन. संसदेने घटनेत बदल केला की सरकारी छापखान्याकडून जाड लखोटा येई. लखोट्यात नव्या मजकुराच्या अकरा छापील चिठ्ठ्या आणि वर एक पत्र. जुन्या मजकुरावर चिठ्ठी कोपऱ्याला कोपरा जुळवून चिकटवायची, नोंदवहीत सही करायची, पत्र फाइलला लावायचे. एकतीस वर्षे हे काम एकाच माणसाने केले. वकील मंडळी त्यांना ‘चिकटे’ म्हणत. नव्याने आलेल्यांना ते आडनावच वाटे आणि ते ‘चिकटेसाहेब’ म्हणून नमस्कार करत. चिकटेही तो मुकाट्याने स्वीकारत.

पद होते ग्रंथालय परिचराचे. बढती मिळाली नाही आणि त्यांनी मागितलीही नाही. पण घटनेतली ओळ न् ओळ त्यांच्या बोटांखालून गेली होती. एखादा वकील धापा टाकत येई आणि विचारी, “चिकटे, ते सभागृह बरखास्त करायचं कुठंय हो?” चिकटे मान वर न करता सांगत, “पान एकशे बारा, डावीकडे. आणि खालची अट वाचा. सगळे अट वाचायची विसरतात.”

काम त्यांना शिकवले ते आधीच्या ग्रंथपालांनी. त्यांचे दोन नियम होते. पहिला, चिठ्ठी फक्त वरच्या कडेला चिकटवायची, म्हणजे ती झडपेसारखी उचलता येते आणि खालचा जुना मजकूर वाचता येतो. “जुन्या दिवशी जे घडलं त्याला जुनाच कायदा लागतो,” ग्रंथपाल सांगत. “उद्या कोणी खालचं बघायला आला तर त्याला दिसलं पाहिजे. आपण झाकतो, पुरत नाही.” दुसरा नियम, आलेली चिठ्ठी टेबलावर शिळी होऊ द्यायची नाही. त्याच दिवशी बसवून मोकळे व्हायचे. लखोटा नेहमी कायदा लागू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी येई. त्यामुळे लगेच बसवण्यात धोका असा काही नव्हताच.

खळ चिकटे स्वतः करत. पीठ, पाणी, चिमूटभर मोरचूद. ही खळ ओल्या कापसाने पुसली की सुटते, कागदाला इजा होत नाही. पाच वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने साठ्याच्या वहीत ‘पीठ’ हा शब्द वाचला आणि चष्मा काढला.

“ग्रंथालयात स्वयंपाक चालतो का?”

त्यानंतर पीठ बंद झाले. पांढऱ्या गोंदाच्या बाटल्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर एक परिपत्रक : अर्धवट चिकटवलेल्या चिठ्ठ्या अव्यवस्थित दिसतात, यापुढे चिठ्ठी संपूर्ण पृष्ठभागावर चिकटवावी. चिकट्यांनी एक पानी अर्ज लिहून जुन्या मजकुराचा मुद्दा मांडला. अर्जावर शेरा आला, ‘पाहिले’. मग ते पूर्ण पृष्ठभागावर चिकटवू लागले.

घरात तीन खोल्या, चार माणसे. चिकटे, बायको, म्हातारी आई आणि एकुलती मुलगी. मुलगी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी ग्रंथालयातून रद्द झालेली घटनेची एक प्रत रीतसर परवानगी काढून घरी आणली होती. आतल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने ‘रद्द’ असा शिक्का मारला होता. मुलगी त्या पुस्तकावर वाचायला शिकली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होते, की या देशाची सत्ता इथल्या लोकांची आहे आणि बाकी सगळ्यांनी ती त्यांच्याकडून वापरायला घेतलेली आहे. ती ते घोकत असे आणि अर्थ विचारत असे.

“हे बघ,” चिकटे सांगत, “एकाच्या हातात सगळं द्यायचं नाही, एवढीच गोष्ट आहे. कायदा एकाने करायचा, दुसऱ्याने तो चालवायचा, आणि दोघांचं बरोबर चाललंय का ते तिसऱ्याने बघायचं. आपल्याकडे कसं, आई ठरवते, मी करतो, आणि आजी चुका काढते.”

“आणि आजी चुकली तर?”

“आजी चुकत नाही,” आजी आतून ओरडे.

“आणि मी कोण?”

“तू लोक,” चिकटे म्हणत. “सगळं तुझ्यासाठीच चाललंय.”

“मग मला दूध नको. लोकांना दूध नको!”

पुढे आजी गेली. मुलगी सरकारी रुग्णालयात परिचारिका झाली. पुस्तक बाहेरच्या खोलीतल्या फळीवर राहिले.

त्या साली महिन्याच्या अठराव्या दिवशी, शुक्रवारी, लखोटा आला. चिकट्यांनी तो उघडला, पत्र वाचले, मग परत वाचले. बदल कलम सदतीसमध्ये होता. जुने कलम अडीच ओळींचे होते : अटक केलेल्या माणसाला, मग तो कोणीही असो, एका दिवसाच्या आत न्यायाधीशापुढे उभे करावे लागेल. नव्या चिठ्ठीवर सहा ओळी होत्या. त्यांचा अर्थ असा, की सरकारने ‘अत्यावश्यक’ ठरवलेल्या सेवेतल्या माणसाला सरकार ठरवील त्या मुदतीत, फार तर एका वर्षाच्या आत, उभे केले तरी चालेल. पत्राच्या शेवटी होते : अंमल पुढील महिन्याच्या एक तारखेपासून. लखोटा कायद्याच्या आधी येण्याची त्यांच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ होती. तारीख फक्त पत्रावर होती, चिठ्ठीवर नव्हती.

घरी जेवताना ते म्हणाले, “सदतीस बदलतंय.”

मुलीने ताटावरची नजर उचलली. “कधीपासून?”

“एक तारखेपासून.”

“म्हणजे तोपर्यंत जुनंच.”

“जुनंच.”

“नक्की ना बाबा?”

“अगं, मी पत्र वाचलंय.”

ती पाणी प्यायली. रुग्णालयात तिच्या वॉर्डात चाळीस खाटा होत्या आणि प्रत्येक पाळीला एकच परिचारिका. दोन महिने त्या अर्ज देत होत्या, दुसरी परिचारिका द्या म्हणून. आता फाटकावर बसायचे घाटत होते, पण पकडून नेले तर काय, यावर सगळे अडले होते. चिकट्यांना हे अर्धवट माहीत होते. विचारले तर ती सांगेल म्हणून त्यांनी विचारले नाही.

मंगळवारी, बावीस तारखेला, ग्रंथालयाची वार्षिक तपासणी होती. सोमवारी सकाळी अधीक्षक खाली आले आणि टेबलावरच्या लखोट्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “हे काय?”

“चिठ्ठ्या आहेत साहेब. एक तारखेच्या.”

“उद्या तपासणी आहे आणि तुमच्या टेबलावर काम पडलेलं?”

“अंमल एक तारखेपासून आहे.”

“अहो, एक तारीख काय लांब आहे? लावून टाका. ‘प्रलंबित : शून्य’ लिहायचंय मला.”

चिकटे नाही म्हणू शकले असते. पत्र दाखवू शकले असते, लखोटा कपाटात ठेवू शकले असते. पण एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर काम पडलेले कोणी पाहिले नव्हते, आणि अधीक्षकाच्या तोंडचा ‘पडलेलं’ हा शब्द त्यांना बोचला. दुपारपर्यंत अकराही चिठ्ठ्या बसल्या. एकीलाही सुरकुती नव्हती. पत्र फाइलला लागले. दुसऱ्या दिवशी तपासणी अधिकाऱ्याने नोंदवहीवर हात फिरवला आणि म्हणाला, “काम असं पाहिजे.”

गुरुवारी, चोवीस तारखेला, सात परिचारिका रुग्णालयाच्या फाटकाबाहेर सतरंजी टाकून बसल्या. पाळीवरच्या आत कामावर होत्या, रजेवरच्या बाहेर. दुपारी दोन वाजता त्यांना गाडीत घालून नेले. वॉर्डातली एक जण रडत घरी सांगायला आली. “काकू, ती म्हणत होती घाबरू नका, उद्यापर्यंत न्यायाधीशापुढे न्यावंच लागतं, तिथे बोलू आपण. तिला तारीखसुद्धा माहीत होती. म्हणाली, बसायचं तर याच आठवड्यात, पुढच्या महिन्यात जमायचं नाही.”

चिकटे दारातच उभे होते. पायातली एक चप्पल काढलेली, एक तशीच.

शुक्रवारी दुपारी दोन वाजून गेले. मुलींना कोणाहीपुढे उभे केले नाही. शनिवारी त्यांच्या वकीलबाईंनी अर्ज लावला. शनिवारी एकच कोर्ट चालू असते. पाळीचे न्यायाधीश नवीन होते, टेबलावर एकोणतीस अर्ज होते. त्या खोलीतली प्रत बांधणीला गेलेली असल्याने शिपाई खाली आला. “चिकटे, घटना द्या. वर मागितलीय.”

ते स्वतः पुस्तक घेऊन वर गेले.

वकीलबाई बोलत होत्या, “एक दिवसाची मुदत काल संपली. कलम सदतीस.” न्यायाधीशांनी पुस्तक उघडले, बोटाने ओळी वाचल्या.

“इथे तर फार तर एक वर्ष लिहिलंय. अत्यावश्यक सेवा. रुग्णालय त्यात येतं.”

“तो बदल एक तारखेपासून आहे साहेब. अजून लागू नाही.”

“राजपत्र आहे तुमच्याकडे?”

“विक्री केंद्रात अंक संपलेत. सोमवारी आणते.”

न्यायाधीशांनी सरकारी वकिलाकडे पाहिले. तो म्हणाला, “न्यायालयाचं पुस्तक न्यायालयासमोर आहे. मी काय सांगणार?”

“साहेब,” मागून आवाज आला. “ती चिठ्ठी एक तारखेचीच आहे.”

सगळ्यांनी वळून पाहिले. “आपण कोण?”

“ग्रंथालयातला. पुस्तक मीच आणलं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मीच चिकटवलीय. सोमवारी.”

“एक तारखेची चिठ्ठी एकवीसला चिकटवलीत?”

“हो.”

“का?”

तपासणी होती, हे उत्तर त्यांच्या जिभेवर आले आणि त्या खोलीत ते इतके लहान वाटले, की त्यांना ते बोलवेना. सरकारी वकील उठला. “साहेब, अर्जदारांपैकी एक या गृहस्थांची मुलगी आहे.”

“खरं आहे?”

“हो साहेब.”

न्यायाधीश चिडले नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाले, “मग बघा, तुम्ही एक तर सोमवारी चूक केलीत, नाहीतर आज मुलीसाठी खोटं बोलताय. दोन्हीतलं काय धरू मी?” मग म्हणाले, “खाली जुना मजकूर असेल ना? दाखवा. तो वाचता आला तर सोमवारी राजपत्र येईपर्यंत त्यावर तात्पुरता हुकूम देता येईल. दहा मिनिटं देतो.”

पत्राची फाइल तपासणीनंतर अधीक्षकांच्या कपाटात गेली होती आणि शनिवारी त्यांच्या खोलीला कुलूप होते. ग्रंथालयात येऊन चिकट्यांनी कापूस ओला केला. चिठ्ठीवर ठेवला, वाट पाहिली. गोंद सुटेना. पाणी गरम करून आणले. हाडाची पट्टी कडेखाली सरकवली आणि हलकेच उचलली. चिठ्ठी निघाली, पण खालच्या कागदाचा पापुद्रा घेऊन निघाली. कलम सदतीसच्या जागी पांढरे, केसाळ तंतू उरले. एका टोकाला ‘मग तो’ एवढे दोन शब्द वाचता येत होते. दुसरी प्रत घेतली. तिथे तेही राहिले नाहीत. तिसरीला हात लावला नाही.

वर गेल्यावर न्यायाधीशांनी पान उजेडात धरले. “तुम्ही तर घटना फाडून आणलीत,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. अर्ज फेटाळला.

घरची प्रत आठवली तेव्हा ते जिन्यात होते. ते धावत घरी गेले. एकतीस वर्षांत त्यांना रस्त्यावर धावताना कोणी पाहिले नव्हते. चपलांच्या दुकानातला म्हातारा ओरडला, “अहो, काय लागलंय पाठी?” बायकोने दार उघडले. त्यांनी फळीवरून पुस्तक ओढले, पान काढले. अडीच ओळी जागच्या जागी होत्या. समासात पेन्सिलीने मुलीने लहानपणी घर काढले होते, खिडक्यांसकट.

परत येईपर्यंत न्यायाधीश निघाले होते. गाडीपाशी त्यांनी पुस्तक हातात घेतले, चाळले आणि शिक्का पाहिला. “ही रद्द प्रत आहे. मी ही कशी वाचू? नवीन अर्ज करा, सोबत जोडा.” बोलताना त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी परत दिले, एवढे सौजन्य त्यांनी पाळले.

सोमवारी वकीलबाईंना राजपत्र मिळाले. चिकट्यांनी स्वतःची चूक कबूल करणारे पत्र लिहून अधीक्षकांना दिले : चिठ्ठ्या मुदतीआधी चिकटवल्या, जबाबदारी माझी, योग्य ती कारवाई व्हावी. पत्र वाचून अधीक्षकांनी खोलीचे दार लावले.

“हे काय लिहिलंय?”

“जे झालं ते.”

“तुम्ही चुकलात असं मी लिहून घेतलं, तर शनिवारचा साहेबांचा हुकूम चुकला. तो चुकला तर साहेबांना पुस्तक कोणी दिलं? न्यायालयाने. म्हणजे न्यायालय चुकलं. आणि चिठ्ठ्या लावून टाका म्हणालं कोण? मी. बसा जरा. पाणी घ्या.”

“माझी मुलगी आत आहे साहेब.”

“मला मुली नाहीत असं वाटतं का तुम्हाला?” अधीक्षकांनी पत्राची घडी घातली आणि ते चिकट्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवले. “तुम्ही काही केलेलं नाही. इतकी वर्षं झाली, एक ओळ नाही तुमच्या विरुद्ध. तशीच राहू द्या.”

मंगळवारी नव्या अर्जाला क्रमांक पडला. राजपत्र जोडले होते, घरची रद्द प्रतही जोडली होती. बुधवारी कारकुनाने तारीख सांगितली : दोन.

“आज तीस आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “आज घ्या ना. दोनला काय उपयोग?”

“बाई, बोर्ड भरलाय. मी काय न्यायाधीश आहे?”

दोन तारखेला सुनावणी चार मिनिटे चालली. दुसरे न्यायाधीश होते, वयस्कर. त्यांनी राजपत्र नीट वाचले. अर्जदारांचे म्हणणे चोवीस तारखेपुरते बरोबर दिसते, असेही ते म्हणाले. चिकट्यांनी समोरच्या बाकाची कड धरली होती. “परंतु आज नवे कलम अंमलात आहे. आज त्यांना ठेवणे बेकायदा नाही. काल-परवाचा प्रश्न आज उरत नाही.” अर्ज निकाली काढला. जोडलेले कागद अभिलेखात जमा करण्याचा हुकूम झाला. म्हणजे घरचे पुस्तकही गेले.

ते सगळे त्यांनी बायकोला सांगितले. तपासणी, अधीक्षक, सोमवार. ती कपडे शिवते. मशीनवर बसली होती. तिने दोरा तोडला, कापड बाजूला ठेवले.

“तुम्ही तिला तारीख सांगितलीत.”

“हो.”

“आणि तुमच्या हाताला कसली घाई होती?”

पुढे कितीतरी दिवस ती ताट वाढून ठेवी आणि मशीनवर जाऊन बसे.

भेटीला परवानगी नव्हती. महिन्याला एक कार्ड येई, पाच ओळींचे, त्यातल्या दोन काळ्या शाईने झाकलेल्या. चिकटे कार्ड उजेडात धरून बघत. शाई चांगली होती, खालचे काहीही दिसत नसे. ते कामावर जात होते. फाटलेल्या दोन प्रतींच्या जागी नव्या आल्या, त्यांत नवे कलम मुळातच छापलेले होते. वकील खाली येत, पान विचारत. चिकटे पान सांगत, पण अट वाचा असे म्हणायचे त्यांनी सोडले. वर्षभरात आणखी तीन लखोटे आले. त्यांतले दोन कायद्याच्या आधी आले. ते त्यांनी तारखेपर्यंत टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले. अधीक्षकांनी ते पाहिले आणि ते जिन्याकडे वळले. कोणालाच त्यामुळे काही फरक पडला नाही.

तीनशे चाळिसाव्या दिवशी मुलीला सोडले. एक वर्ष व्हायला पंचवीस दिवस बाकी होते, तेव्हा न्यायाधीशापुढे उभे करायची गरजच पडली नाही. आरोप कधी ठेवला नव्हता, त्यामुळे सुटकाही कशातून झाली ते कागदावर नव्हते. नोकरी गेली होती. पुढचे दोन दात गेले होते, पडले म्हणाली. वॉर्डात अजूनही पाळीला एकच परिचारिका होती.

पहिल्या दिवशी ती झोपून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघे जेवायला बसली. ती हळू जेवत होती, घास एका बाजूने चावत होती.

“आत सगळ्या मला हसायच्या,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी मी सगळ्यांना छातीठोक सांगितलं ना, उद्या नेतीलच म्हणून. मग रोज सकाळी एक जण विचारायची, काय गं, आज कितवा उद्या?” ती हसली आणि तोंडावर हात धरला. “पण मी म्हटलं, तारीख चुकलेली नाही. माझ्या बाबांनी सांगितलेली तारीख आहे. वरच कोणीतरी घोळ घातलाय. न्यायाधीशाने पुस्तक उघडलंच नसणार. उघडलं असतं तर दिसलं असतं, हो ना बाबा?”

बायको ताटाकडे बघत होती. चिकट्यांनी आमटीचे भांडे उचलले, मुलीच्या वाटीत वाढले, भांडे खाली ठेवले.

“हो,” ते म्हणाले.

मुलीने मान हलवली. मग तिची नजर फळीकडे गेली. तिथे पुस्तकाच्या रुंदीएवढी मोकळी जागा होती.

“पुस्तक कुठंय?”

“कोर्टात आहे.”

“कशाला नेलंत?”

“लागलं होतं.”

“बरं,” ती म्हणाली, आणि वाटी जवळ ओढली. “आणा सवडीने. घाई नाही.”